मागाशेजारचा कॉम्प्युटर

आमच्या घरात हळू कुणीच बोलत नसे. त्यात भांडणाचा वाटा थोडा, बाकी सगळा मागांचा. बाहेरची खोली, मधली खोली आणि स्वयंपाकघर अशा तीन खोल्या एका रांगेत, आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून पत्र्याची लांबलचक शेड. शेडमध्ये टॉवेलचे माग. घराला शेड जोडली की शेडला घर, असं कुणी विचारलं तर माझे वडील, अप्पा, न लाजता 'शेडला घर' म्हणत, आणि ते खरंच होतं. शेड आधी झाली, आम्ही नंतर. सकाळी माग सुरू झाले की फळीवरची भांडी एकमेकींना टेकून किणकिणत राहायची, आणि हे सगळं पार दिवेलागणीपर्यंत चालायचं. 'भाकरी वाढ' एवढं म्हणायलासुद्धा आम्ही भाजी मंडईतल्यासारखं ओरडायचो. माझी एक मैत्रीण पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिला वाटलं, आपल्याला आणल्यावरूनच घरात तंटा लागलाय. ती बिचारी चहा न घेता निघाली, आणि अव्वा, म्हणजे माझी आई, तिला 'बस की गं, बस की' म्हणून इतक्या जोरात आग्रह करायला लागली की तिनं चपला हातात घेऊनच रस्ता गाठला.

मागांनी दुसरी एक गोष्ट दिली होती, ती म्हणजे तूस. सुताचे बारीक बारीक तंतू हवेत तरंगत यायचे आणि मिळेल तिथे बसायचे. भुवयांवर, देवांवर, दह्याच्या सायीवर. अव्वाचं सगळं आयुष्य त्या तुसाशी लढण्यात गेलं आणि तिचं हत्यार एकच, झाकणं. ताटावर ताट झाकून आम्ही जेवायचो. कडक भाकरीचा तुकडा मोडायचा, शेंगाच्या चटणीत दह्यासकट बुडवायचा, तोंडात टाकायचा आणि ताट पुन्हा झाकायचं. रेडिओला झालर लावलेला टॉवेल, शिलाई मशीनला टॉवेल, पाण्याच्या माठाला टॉवेल. दुकानातून नाकारून परत आलेला माल आमच्याकडे कधी वाया गेला नाही. जी वस्तू घरात फार मोलाची, तिला चादर. लोक पाहुण्याला शाल देतात, आम्ही वस्तूंना चादरी पांघरायचो.

तर अशा घरात कॉम्प्युटर आला. आज हे वाक्य लिहिताना माझं मलाच हसू येतं, कारण आज आमच्या दारी येणाऱ्या भाजीवाल्याच्या हातातही तो आहे. पण तेव्हा आमच्या गल्लीत कुणी कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता, आणि अप्पांनी तर त्याचं नावही मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं. तो व्यापारी माल बघायला आला आणि जाता जाता म्हणून गेला की आता टॉवेलवरची नक्षी कॉम्प्युटरवर काढतात. अप्पांनी ते डोक्यात ठेवलं. मी नुकतीच बारावी झाले होते आणि कॉम्प्युटरच्या कॉलेजात जायचं म्हणून घरात रोज डोकं खात होते. मंद्रूपची आत्या मला सून करून न्यायला टपली होती. आतेभावाचं खतांचं दुकान होतं, मुलगा सरळ होता, सुपारीचंही व्यसन नव्हतं. त्याच्यात दोष एकच, तो मंद्रूपला होता आणि मला तिथे जायचं नव्हतं.

अप्पा माणूस यंत्रांतला. नवीन माग घेतला की आधी तो चालवून बघायचा आणि मग त्यावर सूत चढवायचं, हा त्यांचा नियम. तोच त्यांनी मला लावला. व्यापाऱ्याचं बोलणं, माझी कटकट आणि आत्याचे निरोप, तिन्हींवर त्यांनी एकच उपाय काढला. पेठेतल्या एका दुकानातून कॉम्प्युटर आणायचा, मी तो शिकवणीला जाऊन चालवायला शिकायचं आणि घरी नक्षी काढून दाखवायची. "यंत्र चाललं तर तुझं कॉलेज चाललं, गिरिजा," ते म्हणाले. "न्हाय चाललं तर यंत्र दुकानात आणि तू मंद्रूपला." माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, त्यानं मला कोपरानं ढोसलं की बाई, हो म्हण, एवढ्यावर सुटतीयस. मी हो म्हटलं. कॉलेजचे प्रवेश बंद व्हायला तेव्हा अवघा पावसाळ्याचा पहिला तुकडा उरला होता.

कॉम्प्युटर सायकलरिक्षातून आला. अव्वानं दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मधल्या खोलीत, शेडच्या भिंतीला लागून एक टेबल होतं, कारण घरातलं तीन छिद्रांचं धड सॉकेट त्याच भिंतीला होतं. तिथे त्याची स्थापना झाली. आमच्याकडे नव्या यंत्राला विभूती लावल्याशिवाय सुरू करत नाहीत, तेव्हा पडद्याच्या काचेवर बरोबर मध्ये अव्वाच्या तीन बोटांचे तीन पांढरे पट्टे उमटले. नारळ फोडला. सगळ्यांनी गव्हाची गोड हुग्गी खाल्ली, कामगारांना वाटली. अण्णानं बटण दाबलं, पडदा उजळला, आणि विभूतीच्या पट्ट्यांमागे सगळी अक्षरं थंडी वाजल्यासारखी थरथर कापायला लागली. अव्वानं हात जोडले. तिला वाटलं, अंगात आलं.

पहिले दोन-तीन दिवस आम्ही समजलो की नवं आहे, सवय होईल. झाली नाही. चित्र सारखं थरथरायचं, कडेनं आकसायचं, मध्येच एक काळी लाट वरून खाली जायची. थोडा वेळ काम केलं की तो जागच्या जागी गोठायचा. मग कळा दाबा, हात जोडा, काही करा, ढिम्म हलत नसे. बंद करून पुन्हा चालू करावा तर केलेलं सगळं गेलेलं. मी टॉवेलच्या काठाला एक मोर काढायला घेतला होता. तो मोर मी किती वेळा काढला ते सांगायची सोय नाही. मान व्हायची, पिसारा सुरू व्हायचा आणि हा बाबा गप्प. आज कॉलेजात मी पोरांना पहिल्याच तासाला सांगते की दर थोड्या वेळानं काम जतन करून ठेवा, तेव्हा पोरं एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. त्यांचा मोर मेलेला नाही.

घरोघरी वैद्य असतात, तसे आमच्याकडे मेकॅनिक होते. माग दुरुस्त करणारे जॉबर रज्जाकभाई हातातला पाना पुसत आले, पडद्याकडे बघून म्हणाले की कुठेतरी पट्टा ढिला आहे, आणि दोन थेंब तेल सोडायचं म्हणून डबी उघडली. मी टेबलाला आडवी पडले म्हणून ते वाचलं. अव्वाचं निदान दृष्टीचं. तिनं पडद्याच्या कोपऱ्याला लिंबू-मिरची टांगली. ती पडद्यासोबत थरथरायला लागल्यावर तिचा विश्वास आणखी पक्का झाला. अण्णाचं म्हणणं, दुकानदारानं जुना माल गळ्यात मारला. अप्पा खुर्चीवर बसून बराच वेळ त्या कापऱ्या अक्षरांकडे बघत राहिले आणि उठताना पुटपुटले, "बसल्या जागी थरथरतंय, ते काय पोट भरणार." मला ते लागलं, कारण 'ते' म्हणताना त्यांनी माझ्याकडेही पाहिलं होतं.

दुकानानं माणूस पाठवायचं कबूल केलं. सगळे त्याला इंजिनिअर म्हणत, आणि तोही आपणहून नाकारत नसे. अडचण एवढीच की अप्पांच्या राज्यात मालक हजर असल्याशिवाय कुठलंही यंत्र उघडायचं नाही, आणि माग चालू असताना मालकानं शेड सोडायची नाही. राहिला शुक्रवार, आमच्या मागांच्या सुट्टीचा वार. इंजिनिअर शुक्रवारी आला. पाहुणा येणार म्हणून अव्वानं खोली झाडली, पडद्यावरची विभूती पुसली, कॉम्प्युटरवरची चादर घडी करून ठेवली आणि चहाबरोबर शेंगापोळी केली. इंजिनिअरनं बटण दाबलं. अक्षरं अशी स्वच्छ आणि निश्चल उभी राहिली की शाळेत साहेब आल्यावर वर्गाचा जो चेहरा होतो, तो त्या काचेवर होता. त्यानं दीड तास तो चालवला. पत्ते खेळून बघितले. एकदाही हलला नाही, गोठला नाही. शेंगापोळी संपवून त्यानं सांगितलं, मशीन एकदम ओके आहे, वापरणाऱ्याला नीट शिकवा.

शनिवारी माग सुरू झाले आणि अक्षरं पुन्हा नाचायला लागली. पुढच्या शुक्रवारी तो परत आला, पुन्हा शेंगापोळी, पुन्हा ओके. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तर तो दारातूनच हसत आला, आणि मला आजही वाटतं की तो शेंगापोळीसाठीच येत होता. तुम्ही म्हणाल, एवढं धडधडीत समोर असताना कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही? नाही आलं. जन्मल्यापासून जे कानांत वाजतंय ते कारण असू शकतं, असं माणसाला वाटतच नाही. आमच्या लेखी माग म्हणजे हवा होती. हवेमुळे कॉम्प्युटर बिघडतो असं कोण म्हणेल?

दोष मग उरला तो माझा. इंजिनिअरसमोर चालतं आणि गिरिजासमोर बिघडतं, याचा अर्थ सोपा होता. आमच्याकडे एखाद्या बाईच्या हाताला भाकरी फुगत नाही म्हणतात, तसा माझ्या हाताला कॉम्प्युटर चालत नव्हता. अव्वानं माझीही दृष्ट काढली. अण्णा, जो आतापर्यंत माझ्या बाजूचा, तोही म्हणाला की तू लई जोरात कळा दाबतीस. अप्पांनी विचारलं, "खरं सांग, तुला तितं जायचं न्हाय म्हणून काही बी करायलालीस का?" म्हणजे कॉलेजला जाण्यासाठी जी पोरगी कॉम्प्युटर चालवायला धडपडतीय, तिनंच तो मंद्रूप टाळायला बिघडवला! मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पीठ चाळत बसले. त्याच आठवड्यात आत्याचा निरोप आला की श्रावण लागायच्या आत सुपारी फोडून घेऊ.

अर्धं कोडं सुटलं ते अव्वाच्या धुण्यामुळे. मी काम करत असतानाही पडद्याखालच्या कॉम्प्युटरच्या पेटीवर तूस बसू नये म्हणून अव्वा मागून येऊन चादर पांघरून जायची. पडदा तेवढा उघडा, बाकी सगळा देह चादरीत. चांगली जाड, दुहेरी विणीची, आमच्या पाहुण्यांना देतो तसली. एक दिवस ती चादर धुवायला पडली, वाळेना, आणि त्या दिवशी कॉम्प्युटर कापत राहिला पण गोठला नाही. संध्याकाळी अव्वानं ती ओलसर चादर आणून घातली, आणि थोड्याच वेळात मोर पुन्हा गेला. मी चादरीखाली हात घालून बघितला. पेटी भाकरीच्या तव्यासारखी तापलेली. बिचाऱ्याला सोलापूरच्या उकाड्यात आम्ही चादरीत गुंडाळून कामाला लावलं होतं, आणि वर त्यालाच आळशी म्हणत होतो. अव्वाला मी हे सांगितलं तेव्हा तिला खरंच वाईट वाटलं. "अगं बया, सांगायचं न्हाय का त्यानं," ती म्हणाली. मग तिनं त्याच्या समोर खडीसाखर ठेवली.

गोठणं थांबलं, पण थरथर तशीच. आणि नक्षी काढायची ती त्या थरथरीतच. बारीक रेघ ओढायला गेलं की डोळ्यांना पाणी यायचं. मंद्रूपहून आत्या स्वतः यायचा दिवस ठरला. त्या दिवशी सकाळी अप्पा मला म्हणाले की परवा दुकानवाल्याला सांगून यंत्र उचलायला लावतो. मी रुसले. आमच्या घरात रुसायचं म्हणजे काम सोडायचं, कारण नुसतं तोंड फुगवलेलं त्या आवाजात कुणाला कळत नसे. कामगारांचा अकराचा चहा माझ्याकडे असायचा. माग थांबले की मी स्वयंपाकघरात, माग सुरू झाले की मी कॉम्प्युटरवर, असा माझा दिवस होता; आणि दिवे लागले की अव्वा कॉम्प्युटर झाकून ठेवायची, रात्री कुणाला हात लावू देत नसे. त्या दिवशी मी चहा टाकला नाही. पडद्यासमोर हाताची घडी घालून बसून राहिले, म्हटलं करा तुमचा चहा तुम्हीच. अकरा वाजले. भिंतीपलीकडे एकेक माग थांबत गेला. आणि माझ्या डोळ्यांदेखत अक्षरं एकेक पायरी शांत होत गेली. शेवटचा माग थांबला आणि मोर उभा राहिला. मान, चोच, डोळ्याचा ठिपका, सगळं नीट जागच्या जागी.

मी किंचाळले, हे मला मान्य आहे. माझ्याऐवजी अव्वा कामगारांना चहा देत होती, ती सगळे कप वाटूनच आली. तोवर चहा पिऊन कामगार परतले, माग सुरू झाले, मोर पुन्हा हिवताप आल्यासारखा. अव्वाला मी दाखवू काय? अप्पांना शेडमध्ये जाऊन सांगितलं तर ते म्हणाले, चहाच्या वक्ताला समदंच शांत वाटतं. मी म्हटलं, इंजिनिअरला कामाच्या दिवशी बोलवा. ते नको म्हणाले. मी म्हटलं, मग मी जेवत नाही. खरं तर तेव्हा मला सपाटून भूक लागली होती आणि अव्वानं धपाटे केले होते. पण माझ्या सुदैवानं आत्या तेवढ्यात दारात उतरली, आणि पोरगी उपाशी बसलेली आत्याला दिसू नये म्हणून अप्पांनी अण्णाला दुकानाकडे पिटाळलं.

इंजिनिअर आला. कामाचा वार असल्यानं त्याला शेंगापोळी नव्हती, त्यामुळे तो जरा गंभीर होता. त्यानं बटण दाबलं आणि पहिल्यांदाच त्याला ते दिसलं जे मी इतके दिवस बघत होते. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, पडदा बदलावा लागेल, दुकानात न्यावा लागेल, वेळ जाईल. वेळच तर माझ्याकडे नव्हता. मधल्या खोलीत अप्पा, आत्या, अव्वा, अण्णा, सगळे उभे. मी अप्पांना म्हटलं, "एकदा माग थांबवा. सगळे. एकदाच. न्हाय थांबला पडदा, तर मी उद्या मंद्रूपला जाते, तुमच्या पुढं रडणार बी न्हाय."

हे मागणं केवढं होतं, ते सांगायला हवं. एखादा माग रोज थांबतो, धागा तुटतो, आडवा धागा नेणारा धोटा अडकतो. लाईट गेली तर सगळ्या गल्लीचे एकदम थांबतात. चहाला, जेवणाला, शुक्रवारी थांबतात, पण त्याच्या वेळा शेजाऱ्यांनाही पाठ. मात्र लाईट असताना, भर पाळीत, एकाच घरातले सगळे माग एकदम थांबले, तर आमच्या गल्लीत त्याचा अर्थ एकच होता. त्या घरात कुणीतरी गेलं. आणि असे माग थांबले की बोलावण्याची वाट न बघता हातातलं काम टाकून जायचं, ही रीत. अप्पांनीही आपल्या वडिलांच्या वेळी तेवढे एकदा थांबवलेले. आत्या म्हणाली, "दादा, अपशकुन करू नको." का कोण जाणे, त्या बोलण्यानं अप्पांचं डोकं फिरलं असावं. ते तरातरा शेडमध्ये गेले आणि मागांचा मुख्य खटका त्यांनी स्वतः खाली ओढला.

ती शांतता अंगावर आली. मला माझ्याच श्वासाचा आवाज ऐकू आला. आणि पडद्यावर मोर उभा होता, हलत नव्हता. इंजिनिअर वाकून वाकून बघत होता. मागांच्या मोटारी भिंतीला लागूनच आहेत, त्यांच्या ओढीनं चित्र हलतंय, असं काहीतरी तो सांगायला लागला. पण ते कुणी ऐकलं नाही, कारण दार ढकलून शेजारची नरसाबाई आत आली होती. तिच्या हाताला भिजवलेलं पीठ तसंच लागलेलं, पदर तोंडाला, डोळे आधीच भरलेले. ती सरळ अव्वाच्या गळ्यात पडली आणि रडायला लागली. अव्वा बावरून तिच्याबरोबर रडायला लागली, कशासाठी ते न विचारता. मागून समोरच्या घरातले, कोपऱ्यावरचे, डोक्याचा टॉवेल काढून हातात घेतलेले म्हातारे, सायकली भिंतीला टेकवून माणसं. कोण गेलं, हा एकच प्रश्न मराठीत, कानडीत, तेलुगूत आणि रज्जाकभाईंच्या ओळखीच्यांकडून दखनीत, चारही बाजूंनी दबक्या आवाजात यायला लागला. कुणीतरी इंजिनिअरच्या खांद्यावर हात ठेवला. अनोळखी माणूस एवढा वाकलाय म्हणजे जवळचाच असणार. आत्या धडधाकट समोर उभी दिसल्यावर तीच गेली असं धरून आलेल्या दोघांचा अंदाज चुकल्याचंही मला त्यांच्या तोंडावर वाचता आलं.

अप्पा शेडच्या दारात उभे राहिले. आता काय सांगणार? पडदा थरथरत होता म्हणून माग थांबवले, हे कारण त्या गर्दीला देण्यासारखं नव्हतं. माणसं पीठ टाकून आलेली. काहीतरी तोलामोलाचं सांगणं भाग होतं. मला दिसत होतं की ते शोधतायत. मग त्यांनी घसा खाकरला.

"कुणी गेलं न्हाय," ते म्हणाले. "आमची गिरिजा कॉम्प्युटरच्या कालेजात चालली हाय. अभ्यासाला शांतता लागती, म्हणून थांबवले."

नरसाबाईनं अव्वाच्या खांद्यावरनं मान उचलली, माझ्याकडे पाहिलं, पदरानं डोळे पुसले आणि पीठ लागलेल्या हातानंच माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. म्हातारे अप्पांना म्हणाले, लई चांगलं केलंस. अव्वा, जी अजून हुंदके देत होती, ती तसंच रडत रडत सगळ्यांसाठी चहा टाकायला गेली. असा माझा कॉलेजप्रवेश झाला. बापानं सगळ्या गल्लीसमोर, चार भाषांच्या साक्षीनं दिलेला शब्द, तोही मयताला जमलेल्या माणसांपुढे. तो मागे घेण्याची अप्पांची टाप नव्हती. त्यांना तसं म्हणायचंच होतं की नुसती वेळ मारून न्यायची होती, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारावं असं आता फार वाटतं.

इंजिनिअरचं म्हणणं, कॉम्प्युटर भिंतीपासून लांब न्या. कुठे नेणार? तिन्ही खोल्यांना तीच पाठ. आम्ही तो स्वयंपाकघरात फोडणीच्या धुरात ठेवून पाहिला, बाहेरच्या खोलीत दारात ठेवून पाहिला, तो सगळीकडे थोडाफार थरथरतच होता. आत्यानं जाता जाता शेवटचा डाव टाकला की मंद्रूपला शांतताच शांतता आहे, पोरगी आणि यंत्र दोन्ही पाठवा. अप्पा म्हणाले, शांतता हाय, पण लाईट कुटं हाय? आत्या फणकारून गेली. पुढे तिला सोन्यासारखी सून मिळाली, आणि आतेभाऊ आजही मला दिवाळीला फोन करून विचारतो की मोबाईल स्लो झालाय, काय करू. मी सांगते, कव्हर काढ.

अप्पांनी शब्द पाळला तो अक्षरशः. अभ्यासाला शांतता लागते असं गल्लीला सांगितलंय ना, मग ती द्यायला हवी. रोज दुपारी जेवणानंतर तासभर सगळे माग थांबायला लागले. अप्पा त्या वेळात शेडच्या दारात सुताच्या पोत्यावर बसून चुळबुळत असत, धोट्याला हात लावून बघत, पण घड्याळात तास भरेपर्यंत खटका वर करत नसत. कामगारांचा शिक्षणाला इतका मनापासून पाठिंबा मी नंतर कुठे पाहिला नाही. ते तंबाखू मळून आडवे व्हायचे आणि रज्जाकभाई मला सांगायचे की बेटी, खूब पढो, डॉक्टरेट करो. गल्लीलाही त्याची सवय झाली. पहिल्या आठवड्यात दोघे-तिघे धावत आले, मग कुणी आलं नाही. 'गिरिजाचा अभ्यास लागला' म्हणून बायका तेवढ्यात डोळा लावून घ्यायच्या. नरसाबाईला नातू झाला होता, तो दिवसभर आमच्या आवाजानं झोपत नसे. त्याला ती बरोबर त्या तासाला झोपवायची. कॉलेजात मी काय शिकतेय हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण तो तास सगळ्यांचा झाला होता.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, अशाच एका दुपारी, अभ्यासाच्या वेळेच्या थोडं आधी, अप्पा शेडमध्ये दोन मागांच्या मध्ये चालता चालता खाली बसले. बसले असंच सगळ्यांना वाटलं. रज्जाकभाईंनी त्यांना हलवलं आणि मग ते धावत जाऊन मुख्य खटका ओढून आले. अण्णा डॉक्टरांना आणायला सायकलवर पळाला. रज्जाकभाईंनी अप्पांच्या नाकाशी हात धरला, बराच वेळ धरला, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. आम्ही त्यांना उचलून मधल्या खोलीत आणून ठेवलं. अव्वानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ती नुसती त्यांच्या केसांतलं तूस वेचत होती आणि मध्ये मध्ये दाराकडे बघत होती. माग थांबून वेळ झाला होता. दार उघडंच होतं. कुणी येत नव्हतं.

"अजून कसं कुणी आलं न्हाय?" तिनं मला विचारलं.

मी उठले आणि बाहेर गेले. गल्लीत ऊन पडलं होतं. समोरच्या घरात कुणाचा तरी रेडिओ बारीक आवाजात लागला होता, ओट्यावर एक म्हातारा तोंडावर टॉवेल घेऊन झोपला होता. नरसाबाई आपल्या पायरीवर नातवाला मांडीवर घेऊन थोपटत होती. एक भांडीवाला ओरडत येत होता, त्याला तिनं ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, आणि मला पाहून ती हसली.

"आज लवकर बसलीस व्हय?" ती पुटपुटली. "जा, बस बस. पोरगं बी आत्ताच झोपलंय."

मी तिच्याजवळ जाऊन पायरीवर बसले. म्हटलं, "नरसाबाई, आज अभ्यास न्हाय. अप्पा गेले."